बरझीलकाकू

सकाळी डोळा उघडला की लोक देवाचं नाव घेतात. माझी बायको बरझीलचं घ्यायची. "आवं, बरझीलमदी पाऊस झाला का?" हा तिचा दिवसाचा पहिला शब्द. तोंडावर पाणी नाही, चुलीत काडी नाही, आणि हिला समुद्रापलीकडच्या पावसाची घाई. मोंढ्यातल्या आडत्याचे निरोप माझ्या मोबाईलवर यायचे. त्यात सोयाबीनच्या भावाबरोबर तिकडच्या पाऊसपाण्याचं पण असायचं. मी चष्मा शोधून अक्षराला अक्षर जोडेपर्यंत ती उंबऱ्याच्या आत-बाहेर करायची. झाला म्हणालो की तोंड पडायचं. नाही म्हणालो की माझ्या चहात साखर जास्त पडायची. तिला जाऊन अजून वर्ष झालं नाही. गाव तिला बरझीलकाकू म्हणायचं. मी पण म्हणायचो, पण तिच्या माघारी.

नाव कसं पडलं ते सांगतो, म्हणजे बाई कशी होती ते कळंल. एका साली सोयाबीन चांगलं झालं. भाव वाढंल म्हणून आम्ही ते घरात दाबून ठेवलं आणि होळीच्या सुमाराला कळंबच्या मोंढ्यात नेलं. ही पण टेम्पोत मागं पोत्यांजवळ उभी राहून आली. बघतो तर भाव उतरलेला. आडत्या म्हणाला, "काकू, माझ्या हातात काय न्हाय. बरझीलमदी लई पिकलंय." हिनं पदर खोचला. "कुठं आलं ते बरझील? मुरूडच्या अलीकडं का पलीकडं?"

सगळा मोंढा हसला. हमाल हसले, मी पण हसलो. ही हसली नाही. "हसा. त्येनं माझ्या मालाचा भाव पाडला. मग त्येचं घर कुठं हाय ते मला ठावं नको व्हय?" आडत्याचं हसू तिथंच थांबलं. आम्ही गावात पोचायच्या आधी नाव पोचलं होतं.

त्या दिवसापासून बरझील आमच्या घरात भाऊबंदासारखं राहायला आलं. "बांधाला बांध न्हाय, पाण्याची पाळी न्हाय, तरी ह्यो भाऊबंद आपल्या भाकरीत हात घालतो," असं ती म्हणायची. मी मोंढ्यात ऐकलेलं तिच्यापुढं माझं म्हणून सांगायचो. अगं, त्यांची रानं नजर पोचत नाही एवढी. यंत्रानं पेरतात, यंत्रानं काढतात, जहाजात ओततात. आपल्या एकराला पिकतं कमी, ट्रकचं भाडं जास्त. म्हणून जगाच्या बाजारात आपली पेंड महाग पडते आणि लोक त्यांची घेतात. ती सगळं ऐकून घ्यायची आणि म्हणायची, "म्हंजे आपुन कष्ट बी जास्त करतो आन वर महाग बी पडतो. ह्येला काय अर्थ हाय?" मी चष्मा पुसायला घ्यायचो.

एका साली तिकडंच पावसानं दडी मारली. मी खुशीत म्हणालो, "घे, वाळला तुझा भाऊबंद." ती एकदम चिडली. "तिकडं बी बाया आसतील की. त्येंच्या बी चुली आसतील. कुणाचं वाळलं म्हणून हसताव?" दिवसभर माझ्याशी बोलली नाही. दिवे लागणीला भाकरी थापता थापता, माझ्याकडं न बघता विचारलं, "पर भाव वाढला का?"

बसणं तिला येतच नव्हतं. जेवता जेवता उठायची. मीठ आणायला, कोंबडी हाकलायला, नाहीतर उगीच. एसटीत जागा मिळाली तरी दांडी धरून उभी. "बसलं की पाय दुखत्येत" म्हणणारी बाई मी ती एकच बघितली. आणि बोटं पायांच्या वरताण. पुढ्यात दाणा आला की निवडणार. भूमला एका लग्नात मंगलाष्टकं चालू होती आणि ही ओंजळीतल्या अक्षता निवडत उभी. आख्खे तांदूळ एका हातात, तुकडे दुसऱ्या हातात. मी कोपरानं ढोसलं. "टाक की, लोक बघालेत." म्हणाली, "तुटक्या दाण्याचा कसला आशीर्वाद?" तोवर वाजंत्री वाजली, हार पडले, लोक जेवणाकडं पळाले, आणि हिच्या अक्षता हातातच. मग त्या गर्दीत शिरून नवरीच्या डोक्यावर एकटीनं टाकून आली. नवरी बिचारी घाबरली.

तर अशा बाईच्या वाट्याला पुढं निवडायचंच काम आलं. येरमाळ्याजवळ हमरस्त्याला शेतकऱ्यांची एक कंपनी निघाली. तिथं प्रणिता नावाची शिकलेली पोर कामाला होती. आम्ही तिला मॅडम म्हणायचो, ती आम्हाला काका-काकू. तिनं गावातल्या बायांना पारावर जमवलं. समजावून सांगायची तिची रीत चांगली होती, म्हणून माझ्या पण ध्यानात राहिलं. "बरझीलचा बहुतेक माल तेलात आणि जनावरांच्या खाद्यात जातो. स्वस्ताईत आपण त्यांना गाठणार नाही, तो नाद सोडा. पण परदेशात काही लोक सोयाबीनचं दूध पितात, पनीरासारखं करून खातात. त्यांना प्रयोगशाळेत बदललेलं बियाणं नको असतं. आपल्याकडं ते नाहीच. त्यात हातानं निवडलेला, बिनडागाचा दाणा दिला तर ते जास्त भाव देतात. एक व्यापारी तयार झालाय. माल ह्या गावाच्या नावानं जाईल."

हिनं विचारलं, "म्हंजे बरझीलचं ढोरं खाणार आन आपलं माणसं?"

"साधारण तसंच, काकू."

"मग आदी आपुन खाऊन बघाय पायजे. आपुन खात न्हाय ते दुसऱ्याला कसं घालावं?"

आणि ते खरं होतं. आमच्याकडं सोयाबीन पिकतं, पण कोणी खात नाही. पेरायचं, काढायचं, मोंढ्यात ओतायचं. पुढचे दिवस माझ्या हालाचे गेले. आधी सोयाबीनची उसळ झाली, मग पिठलं, मग दूध. घरभर तो उग्र वास. माझ्या पोटाचा नगारा झाला. शेजारची भागाबाई, हिची मैत्रीण आणि वैरीण दोन्ही तीच, कुडावरनं म्हणाली, "वैनी, भाऊजीला मारायचंच आसंल तर विहीर हाय की. एवढा तरास कशाला?" शेवटी ही दाणे भिजवून, साल काढून, लसूण घालून चटणीवर आली. चटणी खाण्यासारखी होती. हिनं बोट चाटलं आणि म्हणाली, "आता पाठवाय हरकत न्हाय."

निवडायचं काम आमच्या ओसरीवर चालायचं. गावभरच्या बाया सूप घेऊन यायच्या. डागी दाणा, फुटका दाणा, काडी, खडा, सगळं वेगळं. ही सगळ्यांच्या पाठीमागनं फिरायची. कुणाच्या सुपात डागी दाणा राहिला की सूप उचलून परत पुढ्यात. भागाबाई एकदा वैतागली. "मेले, दाणा खायचा हाय का लगीन लावायचंय त्येचं?"

"लगीनच की," ही म्हणाली. "घरातनं चाललाय. कुठं पडतोय, कुणाच्या घरात शिजतोय, काय ठावं. परत तर येणार न्हाय."

ते बोलणं बायांच्या डोक्यात बसलं. पोती शिवायच्या दिवशी हिनं परात आणली. परातीत गहू, वर हळद-कुंकवाच्या पुड्या. पोत्याचं तोंड शिवायच्या आधी त्यात मूठभर गहू टाकले, हळद-कुंकू वाहिलं, मग दाभण घातलं. लेकीला सासरी धाडताना ओटी भरतो तसं. एकीनं केलं म्हणून दुसरीनं केलं. सगळ्या पोत्यांची ओटी भरली. एकीदोघींनी डोळे पुसले. मी दारात उभा राहून बघत होतो. मला काही वावगं वाटलं नाही. कुणालाच वाटलं नाही. लेकीची पाठवणी रिकाम्या ओटीनं कशी करायची?

ट्रक गेला. आणि ट्रक परत आला.

मॅडम आली तेव्हा तिचा चेहरा उतरलेला. बायांना ओसरीवर बसवून तिनं सांगितलं, "माल नापास झाला. मालात परकं सापडलं. गहू सापडला. दाण्यांना लाल रंग लागलेला सापडला. काही माणसांना गहू जरा जरी पोटात गेला तरी त्रास होतो, जीवावर बेततं. त्यांच्या दुधाच्या पुड्यावर 'गहू नाही' असं छापलेलं असतं. कुणी टाकला गहू?"

बाया खाली बघायला लागल्या. ही उभीच होती. "म्या टाकला. ह्या बायांनी माझं बघून टाकला. पर ते परकं न्हवं मॅडम, ओटी हाय ती. पोरीसंगं देतो ते परकं कसं?"

"काकू, त्यांच्या भाषेत सोयाबीन सोडून जे काही असेल ते सगळं परकं."

"आन सोयाबीन तरी कुठं आपलं हाय?" ही म्हणाली. "माझ्या सासूनं जन्मात बघितलं न्हवतं. ह्या रानात करडी आसायची, जवस आसायचं. सोयाबीनच परकं आलं आन गहू घरातला. आता गव्हालाच परकं म्हणा."

मॅडमला हसू पण येईना आणि रागावता पण येईना. ती हळू म्हणाली, "खरंय काकू. पण ज्यानं खायचंय त्याला बाधलं तर?"

कुणाला बाधंल, हे हिच्या डोक्यात आलंच नव्हतं. उभ्या उभ्या तिनं खांब धरला. मग विचारलं, "आता काय करावं लागतंय?" मॅडम म्हणाली, व्यापारी अजून एक खेप बघायला तयार आहे. हाच माल परत साफ करून द्यायचा. ह्या वेळेला चुकलं तर तो दुसरीकडनं घेणार आणि ह्या गावाचा माल परत कधी विचारणार नाही.

काम सोपं नव्हतं, आणि बाया तयार नव्हत्या. भागाबाईनं तोंडावर सांगितलं, "भरलेली ओटी कुणी माघारी घेतंय व्हय? येडाईची आण, म्या हात लावणार न्हाय." एकेक करून सगळ्या उठून गेल्या. हिनं ताडपत्री अंथरली, पहिलं पोतं उसवलं आणि सूप घेतलं. मी म्हणालो, "अगं, एकटीच्यानं किती व्हणार?" म्हणाली, "म्या टाकलं, म्या काढीन. पाप लागलं तर माझं मला लागंल."

आणि ती बसली. आमच्या सगळ्या संसारात ती एका जागी बसलेली मी तेव्हाच बघितली. मला ते बघवायचं नाही. मी रानात जायचो, परत यायचो, परत जायचो. गव्हाचा दाणा सोयाबीनमधनं काढायला सोपा, पण कुंकवाची लाली लागलेला दाणा उन्हात धरल्याशिवाय दिसत नाही. ती एकेक मूठ उन्हात धरायची. काही दिवसांनी भागाबाई सूप घेऊन आली आणि हिला म्हणाली, "सरक. पाप वाटून घिऊ. तुला एकटीला पेलायचं न्हाय ते." ही सरकली. मग बाकीच्या पण आल्या. पोती परत शिवली. ह्या वेळेला परात नव्हती. पोत्याचं तोंड शिवायच्या आधी ही आत बघायची आणि पटकन मान फिरवायची.

मॅडमनं ट्रकची तारीख सांगितली, आणि त्याच आठवड्यात हिच्या छातीत कळ आली. धाराशिवला दवाखान्यात नेलं. नळ्या लावल्या होत्या, तरी पाय हलायचे. मला विचारलं, "गाडी गेली का?"

"न्हाय अजून. ओसरीवर हाय माल."

"मग तुमी हितं काय करलाव? घरी जावा. उंदीर लागतील पोत्यास्नी."

मी गेलो नाही. ती गेली.

गावात बोलणं सुरू झालं, ओटी माघारी घेतली म्हणून गेली. तसं काही नव्हतं. छातीत कळ आली म्हणून गेली. पण हे बोलणं भागाबाईच्या कानावर पडलं आणि तिनं अन्न सोडलं. ओटीचं ते पहिलं तीच बोलली होती. ही सवाष्ण गेली, म्हणून उचलायच्या आधी बायांनी हिची ओटी भरली. गहू, हळद-कुंकू, नारळ. मी दारात उभा होतो. त्या गव्हाला कुणी परकं म्हणालं नाही.

तिसऱ्या दिवशी राख सावडून आम्ही घरी आलो आणि अंघोळी करतोय तोवर दारात ट्रक उभा. मॅडम पण आली होती. बिचारी कोपऱ्यात उभी राहिली. भावकीतले तात्या, माझ्याहून मोठे, काठी आपटून म्हणाले, "डोकं ठिकाणावर हाय का तुझं? सुतकातल्या घरातलं धान्य दुसऱ्याच्या तोंडात घालतोस? दिवस घाल, मग काय पाठवायचं ते पाठव." चाकणला दिलेली माझी लेक आत रडत होती. मॅडम माझ्याजवळ येऊन म्हणाली, "काका, जहाज थांबत नाही. पण तुम्ही नको म्हणालात तर मी एक शब्द बोलणार नाही. परत पाठवते गाडी."

मी ओसरीकडं बघितलं. पोत्यांची थप्पी हिनं रचली होती, भिंतीपासून हातभर सोडून, उंदरांना वाट नको म्हणून. तात्यांचं बोलणं चालूच होतं. चार लोक काय म्हणतील, बायकोची राख निवली नाही आणि ह्याला मालाचं पडलंय. लोक म्हणणारच होते. दिवस घालेपर्यंत थांबलो तर माल मोंढ्यात जाणार, बाकीच्या मालात मिसळणार, ढोरांच्या पेंडीत जाणार. तिनं उन्हात धरून बघितलेला एकेक दाणा.

मी म्हणालो, "तात्या, सुतक मला हाय. सोयाबीनला न्हाय. भरा गाडी."

कुणी हललं नाही. मी एका पोत्याचे कान धरले. माझ्यानं ते उचलणार नव्हतं, वय झालं. मला ते माहीत होतं, सगळ्यांना माहीत होतं. पोतं जमिनीवरनं सुटेना. तेवढ्यात भागाबाई आली आणि तिनं दुसऱ्या बाजूचे कान धरले. तात्यांकडं बघत म्हणाली, "मला बी लागू दे काय लागायचं ते." मग ड्रायव्हर आला, पोरं आली, थप्पी हलली. तात्या काठी टेकत निघून गेले. ते अजून माझ्याशी बोलत नाहीत.

ट्रक निघाला तसा मी त्याच्या मागं चालत राहिलो, हमरस्त्यापर्यंत. का ते विचारू नका. घरात थांबणं जमलं नाही. हिचा पाय माझ्यात आला म्हणा. अजून तसंच आहे. भाकरीचा तुकडा मोडतो आणि उठतो. रानात जातो, बांधावर पोचलो की घरी काहीतरी राहिलंय असं वाटतं. घरी येतो, तर राहिलेलं काहीच नसतं.

बऱ्याच आठवड्यांनी मॅडम स्कुटीवर आली. हेल्मेट काढायच्या आधीच म्हणाली, "काका, पास झाला. काहीच परकं सापडलं नाही. त्यांनी अजून माल मागितलाय, ह्याच गावचा. भाव बरझीलपेक्षा जास्त, तरी मागितलाय." मी तिला बस पण म्हणालो नाही. चप्पल न घालता तडक निघालो. ज्याला आधी सांगायचं ते माणूस नव्हतं. मग ज्याला दुसऱ्यांदा सांगायचं त्याच्याकडं गेलो.

भागाबाई बोअरवर पाणी भरत होती. मी म्हणालो, "माल पास झाला. अजून मागितलाय."

तिनं घागर खाली ठेवली. पाणी वाहत होतं, तिनं बंद केलं नाही. कंबरेवर हात ठेवून आमच्या घराकडं बघत राहिली आणि भांडायला उभी राहिल्यासारखी म्हणाली, "थांबायचं व्हतं की मेलीनं, एवढं ऐकूस्तोवर."

मग आपण काय शब्द बोललो ते तिच्या ध्यानात आलं. तिनं पदर तोंडाला लावला.

मी म्हणालो, "आसू दे. तिला तसंच म्हणायचीस तू."